एवेलिओच्या खणांना बटणं

मिग्दालिया आणि एवेलिओची फारकत होऊन इतकी वर्षं झाली होती, की ती कशावरून झाली हे गल्लीत कुणाला नीट आठवत नव्हतं. काइबारिएनसारख्या समुद्रकाठच्या गावात फारकत मिळते, दुसरं घर मिळत नाही. म्हणून दोघं त्याच घरात राहिली. एवेलिओनं मोडीत निघालेल्या टीव्हींच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या जोडून घराच्या मधोमध एक भिंत उभी केली. ती आढ्यापर्यंत काही पोचली नाही. रस्त्याकडच्या खोल्या मिग्दालियाच्या, तिथे तिचं शिलाई मशीन. मागची मोठी खोली आणि अंगण त्याचं. स्वयंपाकघर तेवढं कापता आलं नाही, ते सामाईक राहिलं. सकाळची कॉफी जो आधी उठेल त्यानं करायची आणि दुसऱ्याची झाकून ठेवायची. भांडण चालू असलं तरी ठेवायची.

मागच्या खोलीला तो कारखाना म्हणायचा, ती उकिरडा म्हणायची. रेडिओ, पंखे, टेपरेकॉर्डर, मिक्सर, जे काही बंद पडेल ते गावातले लोक एवेलिओकडे आणून टाकत. ज्याचं काहीच होणार नाही, त्याचे तो सुटे भाग काढून ठेवी. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, स्क्रू, स्प्रिंगा. काहीच फेकायचं नाही, कारण नवं काहीच मिळत नाही. बंद पडलेल्या एका औषधाच्या दुकानातलं खणांचं मोठं कपाट त्यानं मिळवलं होतं. त्याशिवाय सिगारच्या पेट्या, औषधाच्या बाटल्या, दुधाचे डबे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. समुद्राची खारी, दमट हवा तांब्याला खाते, म्हणून प्रत्येक डबीत तो भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकायचा.

"रेशनचा तांदूळ माणसांनी खायचा असतो," भिंतीपलीकडून मिग्दालिया ओरडायची.

"माझ्या वाट्याचा आहे," तो अलीकडून ओरडायचा. "तू तुझ्या वाट्याचा खा आणि जाड हो."

एकाही खणावर चिठ्ठी नव्हती. कुठे काय आहे ते फक्त त्याच्या डोक्यात. त्या खोलीत पाय टाकायची मुभा कुणालाच नव्हती, लग्न होतं तेव्हा मिग्दालियालाही नव्हती. खरं सांगायचं तर फारकत त्यावरूनच झाली होती. दुसरी बाई नाही, दारू नाही. माणूस घरात असून घरात नसायचा. मुलगी यामिला आजारी असली तरी तो आत, पाहुणे आले तरी आत. दाराआडून त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं, एवढाच काय तो संसार. एक दिवस मिग्दालिया म्हणाली, "असंच एकटं राहायचं असेल तर मी कागदोपत्रीच एकटी होते." आणि झाली.

त्या वर्षी वादळांचा हंगाम सरत आला आणि रेइनेरिओ आला. बंदराकडच्या आळीचा तो पुढारी. डिसेंबरात गावाची पर्रांदा असते. बंदराकडची आळी आणि टेकडीवरची आळी भर चौकात समोरासमोर लाकडाचे आणि कागदाचे उंच देखावे उभारतात, त्यावर दिव्यांची पळापळ करतात, आणि कुणाचे दिवे भारी यावरून वर्षभर एकमेकांची टर उडवतात. बंदराकडच्या आळीचे दिवे पळवणारी पेटी दर वर्षी एवेलिओ बांधायचा.

रेइनेरिओ स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला. टोपी हातात फिरवत राहिला.

"मास्तर, या वर्षी जरा मोठं काम आहे. तीन चक्रं करायची म्हणतायत पोरं. दिवे गोल पळायला हवेत." मग जरा थांबून म्हणाला, "जमेल ना?"

"आजवर कधी जमलं नाही?"

"नाही, तसं नाही. परवा शेजारच्या नेरेइदाचा रेडिओ तुम्ही दिलात, त्यातून धूर निघाला म्हणे."

"नेरेइदानं त्यात कॉफी सांडली असेल."

"असेल, असेल." रेइनेरिओनं मिग्दालियाकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हीच सांगा."

"कसली वहिनी? फारकत झालीय माझी," ती म्हणाली आणि कढईतले मालांगा कंदाचे काप उलटत राहिली. पण कान तिकडेच होते.

"जमेल," एवेलिओ म्हणाला. "तू तुझी लाकडं उभी कर."

तिला धुराचं ठाऊक होतं. तो वास भिंतीवरून तिच्या खोलीत आला होता, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच आला होता असंही नाही. गुणगुणणंही थांबलं होतं. आधी तिला वाटलं, म्हातारा रुसलाय. मग कथलाचे डाग द्यायची तापती सळई खाली पडल्याचा आवाज यायला लागला, चटका बसल्यावर दिलेली शिवी यायला लागली, आणि कितीतरी वेळ नुसतीच शांतता.

रेइनेरिओ येऊन गेल्यावर एका दुपारी एवेलिओ तिच्या दारात उभा राहिला. या दारात तो सहसा येत नसे.

"मिग्दालिया, तू कापडातली माणूस. एक पैज लागलीय. हा पट्टा तपकिरी की लाल?"

त्याच्या चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर होता, अंगावर रंगाची कडी.

"लाल."

"आणि पुढचा?"

"तोही लाल. मग तपकिरी. पैज कुणाशी लागली?"

"लागली कुणाशी तरी." तो गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. या वेळी पैजही नव्हती, नुसतंच, "हे बघ गं जरा." ती रंग सांगत होती आणि त्याच्याकडे पाहत होती. तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होता. आधी तिला राग आला, की आता हा तोंडाकडेही बघेना. मग तिनं रिकामा हात त्याच्यासमोर धरला.

"एवेलिओ, माझ्या हातात काय आहे?"

"कात्री."

"काही नाहीये हातात."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. "बाजूचं दिसतं," तो हळूच म्हणाला. "मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. यामिलाला सांगू नकोस."

तिनं त्याच संध्याकाळी यामिलाला तिच्या घरी मातान्सासला फोन लावून सांगितलं. दोघींनी मिळून त्याच्यामागे अशी काही भुणभुण लावली, की तो सांता क्लाराच्या इस्पितळात डोळे दाखवायला तयार झाला. रेइनेरिओ ट्रकमधून घेऊन जाणार होता. तपासण्या होत्या, मुक्काम पडणार होता. निघताना त्यानं कारखान्याचं दार लोटून घेतलं. कुलूप लावायला किल्ली सापडली नाही.

ट्रक कोपऱ्यावरून वळला आणि मिग्दालिया आत गेली.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बिचाऱ्याला दिसत नाही, निदान आल्यावर सगळं जागच्या जागी असावं, एवढंच. पण ते खण उघडले आणि ती कपाळाला हात लावून बसली. एका खणात लांब, आखूड, गोल, चपटं, हिरवं, निळं सगळं एकत्र. बाजूच्या खणातही तसंच. डब्यांतही तसंच. म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस इथे बसून हा गोंधळ जमवत होता!

तिनं टेबलावर जुनी चादर पसरली, सगळे खण त्यावर उपडे केले आणि बटणं निवडायची तसं निवडायला बसली. निळे निळ्यात. हिरवे हिरव्यात. पट्ट्यांचे बदामी दाणे एकीकडे, काळे डबीवजा दुसरीकडे, त्यातही मोठे खाली, छोटे वर. मुंग्या लागलेला तांदूळ कोंबड्यांना टाकला. कपाट ओल्या फडक्यानं पुसलं. काम संपलं तेव्हा पाठ मोडून आली होती, पण खण एकामागून एक उघडून पाहताना तिला इतकं छान वाटलं, की ती शेजारच्या नेरेइदाला दाखवायला घेऊन आली. नेरेइदा म्हणाली, "अगदी दुकान वाटतंय."

एवेलिओ परत आला तेव्हा फार थकलेला होता. सांता क्लाराला काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आधी त्याला कॉफी दिली. मग म्हणाली, "आत जाऊन बघ."

तो गेला. ती दारात उभी राहिली. त्यानं न बघता हात लांब केला, वरून तिसऱ्या रांगेतला खण ओढला, बोटं आत घातली. बोटं थांबली. त्यानं शेजारचा खण ओढला. मग खालचा.

"हे काय आहे?"

"लावून ठेवलं. निळे निळ्यात, हिरवे..."

"निळे निळ्यात?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, निळ्यात सत्तर प्रकार असतात! हे काय झबल्याची बटणं आहेत?"

"सगळी भेसळ होती! मी पाहिली ना!"

"भेसळ नव्हती. हा खण जपानी टेपचा. हा शाळेच्या भोंग्याचा. हा माझ्या आईच्या रेडिओचा. एकेका यंत्रातलं सगळं एकेका खणात होतं. कुठल्या यंत्रात काय असतं ते मला पाठ आहे. म्हणून हात घातला की सापडायचं!"

"मग चिठ्ठ्या लावायच्या होत्यास!"

"चिठ्ठ्या वाचणार कोण, मी?"

तो स्टुलावर बसला.

"डॉक्टरीणबाई म्हणाली, जे गेलं ते परत येणार नाही," तो म्हणाला. "आहे ते टिकवायचं बघू म्हणाली. चांगली होती. मी म्हटलं, हरकत नाही. माझी एक खोली आहे, तिथे मला डोळे लागत नाहीत." त्यानं उघड्या खणावरून हात फिरवला. "तेवढीच होती."

माफी मागायची सवय दोघांनाही नव्हती. मिग्दालिया तिच्या बाजूला निघून गेली, मशीनवर बसली आणि एक सरळ शिवण दोनदा उसवली.

सकाळी कॉफी तिनं केली. त्याची झाकून ठेवली नाही, हातात घेऊन कारखान्यात गेली. दुसऱ्या हातात तिचं भिंग होतं, काळ्या कापडावर काळा दोरा ओवायला वापरायची ते. तो चादरीवर एक खण ओतून बसला होता, एकेक दाणा ओठांना लावून बघत होता.

"चावून कळतं काय?" तिनं विचारलं.

"जाडी कळते. जा तू."

"नाही जात. मी केलंय, मी निस्तरते. रंगांचं सांग मला."

त्यानं कप घेतला. "काळा म्हणजे शून्य. तपकिरी एक. लाल दोन. नारिंगी तीन..."

तिनं एक दाणा भिंगाखाली धरला. "तपकिरी, काळा, आणि हा विटकरी."

"विटकरी असा रंग नसतो."

"असतो. माझ्याकडे त्या रंगाचं कापड आहे."

"लाल असेल किंवा नारिंगी असेल. कारखान्याला तुझ्या कापडाशी घेणं नाही."

"मग नारिंगी. उन्हानं उतरलेला नारिंगी."

"एक, शून्य, आणि पुढे तीन शून्यं, म्हणजे दहा हजार ओहम. हा जुन्या लाकडी रेडिओतला असणार, खिडकीत ठेवलेला असायचा तो." त्यानं दाणा बोटांत फिरवला. "दोन मासेमारांनी मिळून घेतला होता. एक दिवस याच्या घरी, एक दिवस त्याच्या घरी. भांडले तेव्हा दोघंही माझ्याकडे आले, की अर्धा-अर्धा करून दे."

"मग?"

"मी बिघडवून ठेवला, दोघं एकत्र येऊन मागेपर्यंत दिलाच नाही."

मिग्दालिया हसली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या सगळ्या वर्षांत त्यानं तिला रेडिओबद्दल एकच सांगितलं होतं, की हात लावू नकोस.

असं ते सुरू झालं. शिवणकाम उरकून ती दुपारी यायची. ती पट्टे वाचायची, तो आकडा सांगायचा, आणि आकड्यामागून एखादं घर, एखादा माणूस निघायचा. हा चपटा ट्रान्झिस्टर थेटरातल्या कर्ण्यातला, तिथे पडद्यामागे घुशी होत्या. ही डायोडांची जोडी कुणी तरी नवरीला भेट दिलेल्या पंख्यातली. एकदा एक छोटा ट्रान्सफॉर्मर हाताला लागला, तो त्यानं खाली ठेवलाच नाही.

"याचं काय?"

"यामिलाला गोवर आला होता. उजेड सहन व्हायचा नाही आणि अंधाराची भीती वाटायची. तेव्हा तिच्यासाठी मंद दिवा केला होता."

"तो दिवा तू केला होतास?" मिग्दालियानं भिंग खाली ठेवलं. "मला वाटलं, तू आत बसून कुणाचा तरी रेडिओ ठोकतोयस. मी तुला काय काय बोलले होते त्या दिवशी!"

"बोलली होतीस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दिवा लागला होता की," तो म्हणाला. त्याच्या मते सांगणं तेवढ्यात झालं होतं.

तिला रडू आलं आणि रागही आला. तिनं नाक पुसलं आणि पुढचा दाणा उचलला.

आता प्रश्न होता, लावलेलं त्याला सापडणार कसं. तांदळाच्या जुन्या पुरचुंड्या बदलताना तिला सुचलं. तिनं आपला बटणांचा डबा आणला आणि प्रत्येक खणाच्या मुठीवर जाड दोऱ्यानं बटणं आवळून बांधली. रेझिस्टरच्या खणांना शर्टाची गुळगुळीत बटणं: शेकड्यातल्यांना एक, हजारातल्यांना दोन, लाखातल्यांना तीन. कपॅसिटरना कोटाची मोठी, कड असलेली. डायोडला पँटचा हूक, कारण डायोडमध्ये वीज एकाच बाजूनं जाते हे तिच्या तोपर्यंत ध्यानात आलं होतं. ट्रान्झिस्टरला तीन पाय, म्हणून तिथे लहान मुलाच्या झबल्यावरचं बदकाचं बटण.

"बदक का?"

"तीन भोकांचं बटण मिळालं नाही. आणि तू मला झबल्याची बटणं म्हणाला होतास."

त्यानं बोटांनी बदक चाचपलं, चोच सापडली, आणि तो मोठ्यानं हसला. पलीकडे नेरेइदानं खिडकी उघडून पाहिलं.

मग पेटीचं काम आलं. रेइनेरिओ रोज चक्कर मारायचा आणि काही न विचारता जायचा, म्हणजे काय विचारायचंय ते सगळ्यांना कळायचं. टेकडीवरची पोरं चौकात म्हणत होती, की या वर्षी बंदराकडच्यांनी मेणबत्त्या आणाव्यात. मिग्दालियाच्या कानावर ते आलं आणि तिचं डोकं भडकलं. तोवर तिला पर्रांदेचं काही पडलेलं नव्हतं. गोंगाट म्हणून ती कानात कापूस घालून बसायची.

"सळई दे माझ्या हातात," ती एवेलिओला म्हणाली.

"भाजशील."

"सुई टोचत टोचतच शिकले ना?"

तो तिच्या मागे उभा राहिला. तिच्या मनगटाला खालून आधार दिला. "आधी तार तापव. कथील तारेला लाव, सळईला नको. वितळलं की लगेच हात काढ. चकाकलं पाहिजे."

पहिला डाग चिखलासारखा बसला. दुसराही. तिसऱ्या वेळी तिचं बोट भाजलं आणि तिनं त्याच्या आईचा उद्धार केला. त्यानं तिचा हात धरून नळाखाली नेला आणि पाणी वाहतंय तोवर सोडला नाही. नळ बंद केल्यावर ती म्हणाली, "चल, अजून दोन चक्रं राहिलीत."

आठवडाभरात तिचे टाके नेटके पडायला लागले. ती त्याला टाकेच म्हणायची. तो खणाकडे न बघता हात घालायचा, बटण चाचपायचा, हवा तो भाग काढून तिच्या तळहातावर ठेवायचा. ती भिंगातून खात्री करून घ्यायची. चुकलाच तर "हं, मास्तर, हे बदक नव्हे," म्हणून परत करायची. पण तो क्वचित चुकायचा. आणि काम करता करता त्याचं गुणगुणणं परत सुरू झालं होतं. ते दाराच्या आतून ऐकताना किती बेसूर होतं ते तिला पहिल्यांदाच कळलं.

पर्रांदेच्या आदल्या संध्याकाळी चौकात पेटी जोडली. ऊन उतरत होतं. रेइनेरिओनं वरून खालून सगळ्या तारा तपासल्या आणि एवेलिओकडे पाहिलं. एवेलिओनं खटका मिग्दालियाच्या हातात दिला.

पहिलं चक्र पळालं. दुसरं पळालं. तिसरंही पळालं, पण उलटं.

"मी दोन तारा उलट लावल्या," मिग्दालिया पुटपुटली. "एवेलिओ, तिसरं उलटं फिरतंय. काढू या, रात्रभर बसून परत..."

एवेलिओनं मान बाजूला वळवली, कडेच्या नजरेनं दिवे पाहिले. खालची पोरं एव्हाना ओरडायला लागली होती. दोन चक्रं इकडे आणि मधलं मोठं तिकडे, दिवे एकमेकांत घुसून बाहेर पडल्यासारखे दिसत होते. रेइनेरिओ टोपी हवेत फेकून नाचत होता. "मास्तर! हे आधी का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर टेकडीवर कळलं असतं," एवेलिओ शांतपणे म्हणाला. मग मिग्दालियाच्या कानाशी येऊन, "हात लावू नकोस. असंच राहू दे."

त्या वर्षी कोण जिंकलं ते विचारू नका. टेकडीवरचे म्हणतात टेकडी, बंदराकडचे म्हणतात बंदर. नेरेइदानं आपला धूर निघालेला रेडिओ परत आणून दिला, एवढं मात्र खरं, आणि तिच्या मागोमाग बाकीचेही आले. आता लोक दोघांच्या नावानं हाक मारत येतात. नव्या वर्षात यामिला आली, तिनं खोली पाहिली, बदक पाहिलं, आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, "मग पुन्हा लग्न करताय की काय?"

"वेड लागलंय?" मिग्दालिया म्हणाली. "लग्न होतं तेव्हा या खोलीत येऊ देत नव्हता."

आतून एवेलिओनं हाक मारली. कुणीतरी भात शिजवायचा, पाण्यात पडलेला कुकर आणून ठेवला होता, आणि त्याला पट्टे वाचून हवे होते. मिग्दालियानं भिंग पुसलं आणि ती आत गेली.